तुम्पेंगचं टोक

वेनिंगला चुका पटकन दिसायच्या, पण त्या सांगताना जीभ जड व्हायची. योग्यकार्तात मोठ्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडत नाहीत. टेस्टरची नोकरी करणाऱ्या बाईला असा स्वभाव म्हणजे पायातली बेडीच.

ऑफिसात डायलिसिसच्या रुग्णांसाठी ॲप तयार होत होतं, घरबसल्या नंबर लावायचं. नेटवर्क मध्येच गेलं, तर फोनवर ‘नंबर लागला’ असं दिसायचं, पण रुग्णालयात नोंद पोचायचीच नाही. हे ज्याने लिहिलं होतं त्या तिर्तोला तिने बाजूला घेऊन सांगितलं.

“म्बाक वेनिंग, तुमचं दर वेळी काहीतरी असतंच!” तो हसला. “तपासणं तुमचं काम. अडवायचं तर बापाकना सांगा की!”

बापाक हांदोयो म्हणजे मालक. पण त्यांना सांगणार कधी? ॲपच्या शुभारंभाचा तुम्पेंग आधीच सांगून ठेवलेला. पिवळ्या भाताचा तो डोंगर आला, पाहुणे बसले, प्रार्थना झाली. आता खोडा कोण घालणार? हांदोयोंनी भाताचं टोक कापून मानाने वेनिंगच्या पानात वाढलं.

“दर्जा म्हणजे आमची वेनिंग! तिने हो म्हटलं की मी निवांत झोपतो.”

टाळ्या पडल्या. तिने मान खाली घालून भात खाल्ला. बाई गं, तिथेच पान बाजूला सारायचं होतंस!

पुढे गुनुंगकिदुलहून एक म्हातारा फोनवरचा नंबर दाखवत रुग्णालयात आला. नोंद नव्हती, यंत्रं सगळी गुंतलेली. त्याला परत पाठवलं. पुन्हा येण्याइतका तो जगला नाही.

ऑफिसात बैठक झाली. तिर्तो म्हणाला, हे तपासणीत निघायला हवं होतं. हांदोयो म्हणाले, “झालं ते झालं. आजपासून दर्जा ही सगळ्यांची जबाबदारी.” सगळ्यांचे चेहरे सैलावले. सगळ्यांची म्हटलं की कुणाच्याच अंगाला काही लागत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

म्हाताऱ्याच्या घरी भेटायला वेनिंग एकटीच गेली. ॲपच्या ऑफिसातून आले, एवढंच तिने सांगितलं. म्हातारीने गोड चहा पुढे केला आणि उलट तिचीच माफी मागितली.

“आमच्या ह्यांना फोन कुठला जमतोय! भलतंच काही दाबलं असणार. तुला उगाच हेलपाटा, पोरी.”

हो म्हणून उठणं किती सोपं होतं!

“नाही, इबू. त्यांनी बरोबर दाबलं होतं.”

“मग चुकलं कुणाचं?”

“आमचं,” वेनिंग म्हणाली, आणि त्या शब्दाची तिला शिसारी आली. “माझं. मला माहीत होतं.”

म्हातारीने तिच्यापुढचा चहा उचलला आणि आत नेला.