डावा की उजवा

रंगारी दत्ताभाऊंनी हॉलच्या भिंतीवर दोन चौकोन रंगवले आणि विचारलं, "काका, कुठला लावू?" दोन्ही राखाडी, दोन्ही किंचित मातकट. डावीकडचा पाहून दूध जास्त झालेला चहा आठवत होता आणि उजवीकडचा पाहून तोच चहा, गार झालेला. मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, नाटकातल्या वकिलासारख्या येरझाऱ्या घालत पाहिलं. फरक होता म्हणावं तर होता.

आमच्या घरात रंग ठरवायची एक रीत होती. बायको मला विचारायची, मी एक सांगायचो आणि ती दुसरा घ्यायची. पंचवीस वर्षांत मी इतका तयार झालो, की उजवा हवा असला की बेधडक डावा म्हणायचो. स्वयंपाकघराचा पिस्ता रंग मी असाच मिळवला. तिला हे कळलं होतं का, ते विचारायचं राहून गेलं. गेल्या वर्षी ती वारली.

"डावा," मी सवयीने म्हणालो.

"बरं," म्हणत दत्ताभाऊ डबा उघडायला बसले.

"अहो, लगेच बरं काय? जरा नको म्हणा की."

दत्ताभाऊ तिच्या वेळेपासून आमच्याकडे येतात. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अगदी तिच्या ठसक्यात म्हणाले, "काहीतरीच तुमचं. डावा मळका दिसेल, उजवाच घ्या."

मला फार बरं वाटलं.

"झालं ना?" त्यांनी हळूच विचारलं. "आता डावाच लावतो."

मी हो म्हणालो. मला उजवा हवा होता.