मिरच्यांशेजारी वाळत घातलेली काडतुसं

एप्रिलच्या दुपारी आमच्या गच्चीचं दार उघडलं की आधी मिरचीचा वास अंगावर येतो. तिखट, कोरडा, नाकाच्या आतल्या कडेला टोचणारा. त्याच्यामागून धन्याचा, आणि मग कोपऱ्यात जाळीखाली पसरलेल्या सुक्या जवळ्याचा खारा वास. लग्न होऊन या खाडीकाठच्या घरात आले तेव्हापासून हे वास मला याच क्रमाने पाठ आहेत. म्हणून त्या दुपारी त्यांच्यात न बसणारा एक वास आला तेव्हा मी दारातच थबकले. तो मेणाचा होता. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा असतो तसा, मऊ आणि किंचित गोडसर.

मिरच्यांच्या चादरीला लागून एक जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर माझ्या नणंदेची स्पर्धेची काडतुसं वाळत घातली होती. कावळ्यांनी उचलू नयेत म्हणून वरून मासळीची जाळी होती. डब्यांतून ओतून, हाताने सारखी पसरून, सगळ्या अंगांनी ऊन लागावं अशी काळजी घेऊन कुणीतरी ती मांडली होती. पितळेवर ऊन इतकं सुंदर चमकत होतं की क्षणभर मी नुसती पाहतच राहिले. मग माझ्या लक्षात आलं की आज गुरुवार आहे आणि राज्य स्पर्धा रविवारी.

माझी नणंद बँकेत नोकरी करते आणि बँकेतून सुटलेला सगळा वेळ पॉइंट टू टू रायफलला देते. पोटावर पालथं झोपून पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर साठ गोळ्या, हा तिचा क्रीडाप्रकार. चाळिशी तिला दिसू लागली आहे. राज्य स्पर्धेत पात्रता गुणांच्या जवळ जाऊन ती अनेकदा परतली आहे. त्या वर्षी तिने जेवता जेवता सांगून टाकलं, "यंदा राष्ट्रीय स्पर्धेला पात्र झाले नाही तर रायफल विकते. पुरे झालं." आवाजात नाटक नव्हतं. पानातला भात तिने नेहमीसारखाच संपवला. पण घरातल्या उरलेल्या दोघींना, मला आणि सासूबाईंना, त्या दिवसापासून त्या रायफलीची काळजी लागली.

काडतुसांची निवड थंडी संपता संपता झाली होती, तेव्हा मीही सोबत गेले होते. कामणला गोदामांची रांग संपते तिथे, डोंगराच्या पायथ्याशी नेमबाजीची एक लहानशी रेंज आहे. तिथले प्रशिक्षक भुईगावचे. पहाटे वाडीला पाणी देऊन येतात, त्यामुळे त्यांच्या बाहीला सोनचाफ्याचा आणि चपलांना ओल्या मातीचा वास असतो. मी महाविद्यालयात कविता शिकवते हे कळल्यापासून ते मला 'टीचर' म्हणतात. त्या हाकेत थोडा आदर आणि बरीचशी गंमत असते.

"यातली सगळ्यात चांगली कुठली, सर?" टेबलावरच्या डब्या पाहून मी विचारलं.

"टीचर, तुमच्या घरी तांदूळ एकाच नावाचा येतो, पण दरवर्षी सारखा शिजतो का? तसंच हे. कंपनी तीच, डबी तीच, पण खेप बदलली, लॉट बदलला, की स्वभाव बदलला. माझ्या रायफलीला आवडलेला लॉट हिची रायफल थुंकून टाकील. तेव्हा चांगलं काय ते तिलाच विचारायचं."

या काडतुसाची रचना त्यांनी मला रिकामं नळकांडं दाखवून समजावली. ठिणगी पाडणारा मसाला त्याच्या बुडाच्या मधोमध नसतो, तो कडेच्या वळीत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आदळते. एकदा वापरलं की ते पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलींची काडतुसं काही लोक आपल्या हिशेबाने भरून घेतात, इथे तशी सोय नाही. कारखान्याने जे दिलं त्यातून निवड करायची, एवढंच माणसाच्या हाती.

मी भोळेपणाने 'हाय स्पीड' छापलेल्या एका झगमगीत डबीकडे बोट दाखवलं.

"ती राहू दे वहिनी," नणंद हसली. "ती डबडी पाडायला."

"ती आवाजापेक्षा जोरात सुटते," सर म्हणाले, "आणि वाटेत तिचा वेग आवाजाच्या खाली उतरतो. त्या उतरण्यात डगमगते. आपल्याला पन्नास मीटर शहाण्यासारखी चालणारी पाहिजे."

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, म्हणजे नणंदेच्या श्वासाचा दोष गोळीला लागायला नको. नवा लॉट घेतला की पहिल्या काही गोळ्या नुसत्याच मातीच्या बांधात सोडायच्या. शिशाच्या गोळीवर मेणाचा पातळ लेप असतो. नळीतून आधीच्या लॉटचं मेण जाऊन नव्याचं बसलं की मगच परीक्षा. मी मागे खुर्चीवर डोळे मिटून बसले. आयुष्यभर कानाने जगलेल्या बाईला यात आपलाही काही उपयोग होईल असं वाटलं, आणि खरोखरच तिसऱ्या लॉटचा आवाज मला विलक्षण आवडला. टिपरीसारखा नेमका, एका मात्रेचाही ढळ नाही. त्याच्या आधीचा लॉट मात्र ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा बोदा वाजला होता.

"तिसरा," मी डोळे उघडून जाहीर केलं. "लयीत पक्का आहे."

कागद आणले. माझ्या लाडक्या तिसऱ्याची भोकं गावभर हिंडायला निघाल्यासारखी पसरलेली होती. बोद्या दुसऱ्याची सगळी भोकं एकमेकांत शिरून एकच झालं होतं, तिपानी गवताच्या पानासारखं.

"टीचर," सर गंभीरपणे म्हणाले, "गोळी गाते त्याला मार्क नसतात."

नणंद इतकी हसली की पुढची दहा मिनिटं तिला नेम धरता येईना. त्या बोद्या लॉटच्या जेवढ्या डब्या तिच्या वाट्याला येणं शक्य होतं तेवढ्या तिने घेतल्या. घरी आल्यावर त्या लोखंडी कपाटात, खालच्या कुलपाच्या कप्प्यात गेल्या.

आणि कुलपाची किल्ली गेली सासूबाईंच्या कमरेला. आमच्या घरात किल्ल्या तिथेच जातात. कुणाची कशाची, याची चर्चा होत नाही.

ते कपाट खालच्या खोलीत, खाडीकडच्या भिंतीला लागून आहे. ती भिंत वर्षातले काही महिने घामेजलेली असते. बुधवारी रात्री नणंद जेवताना सहज म्हणाली, "त्या गोळ्यांना ओल लागली तर माझं सगळं संपलंच." सासूबाईंच्या जगात ओलीवर एकच उपाय आहे आणि तो त्यांच्या आईने, तिच्या आईने आणि त्याआधीच्या सगळ्या आयांनी केलेला आहे. पावसाळ्याआधी डाळींना ऊन दाखवायचं, तांदळाला, मसाल्याला, गोधड्यांना, सुक्या मासळीला. गुरुवारी सकाळी लेक बँकेत गेल्यावर त्यांनी कप्पा उघडला आणि काडतुसांनाही ऊन दाखवलं.

मी फोन केला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून नणंद आली ती जिना चढतानाच बोलत होती.

"आये! लायसन माझ्या नावावर, आणि किल्ली तुझ्या कमरेला! कोणी बघितलं असतं तर काय सांगायचं होतं? मिरच्यांबरोबर वाळत घातल्या होत्या म्हणून?"

"अगो, तूच तं बोललीस, ओल लागल!" सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कपाटात पानी झिरपतंय, ते मना दिसत नाय? बघ कशी कडकडीत वालली ती."

"त्यांना वाळायचं नसतं! मेण असतं त्यांच्यावर!"

"मेन?" सासूबाईंनी एक काडतूस उचललं, अंगठ्याने शिसं चोळलं, अंगठा नाकाशी नेला. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. लोणच्यात थेंबभर पाणी पडलेलं दिसावं, तसा.

नणंद खाली बसली आणि एकेक गोळी प्रकाशात धरून पाहू लागली. तिथेच आशेला जागा निघाली. लुगड्याचा अर्धा भाग सकाळभर पाण्याच्या टाकीच्या सावलीत होता. सावलीतल्या गोळ्यांवरचा लेप जसाच्या तसा होता, मंद आणि सारखा, जांभळावरच्या पांढुरक्या साईसारखा. उन्हातल्यांवरचं मेण एका बाजूला ओघळून थेंब झालं होतं आणि दुसरी बाजू उघडी, चकचकीत पडली होती. पण सासूबाईंनी मायेने त्यांना मधूनमधून हात फिरवून खालवर केलं होतं, त्यामुळे दोन्ही एकमेकींत मिसळल्या होत्या.

सरांना फोन लावला. पलीकडून जे ऐकू आलं ते हसणं दाबण्याचं काम असावं.

"आधी दोन्ही प्रकारच्या थोड्या घेऊन या," ते म्हणाले. "फरक आहे की नाही, रायफलीलाच विचारू."

संध्याकाळच्या उजेडात रायफलीने उत्तर दिलं. सावलीतल्या गोळ्यांनी तेच तिपानी गवताचं पान काढलं. उन्हातल्यांनी कागदावर नुसती शेणी थापली. दुसरा लॉट आणायला वेळ नव्हता. नीट निवडल्या तर स्पर्धेच्या साठ आणि आधी नेम जुळवायच्या काही एवढ्या चांगल्या गोळ्या निघाल्या असत्या. एखादी ओघळलेली त्यांत राहून गेली, तर ती नेमक्या कुठल्या क्षणी नळीत येईल ते कुणालाच कळणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी माजघरात बसलो, मध्ये सूप. तांदूळ निवडताना बसतो तसंच, एक पाय दुमडून, उजेडाकडे पाठ न करता. नणंद भिंगातून पाहायची. सासूबाईंना बारीक दिसत नाही, त्या अंगठ्याने चाचपायच्या. मी वास घेऊन पाहिला. सगळ्या गोळ्यांना सारखाच मेणाचा आणि वर थोडा मिरचीचा वास येत होता.

"वहिनी, तू फक्त शिंकू नकोस," नणंद म्हणाली.

मला मोजून डबीत ठेवायचं काम मिळालं. एकीने 'बरी' म्हटलेली गोळी दुसरीकडे जायची, दोघींचं एकमत झालं तरच माझ्याकडे यायची. मतभेद झाला की ती सरळ सरावाच्या डब्यात. सासूबाई लेकीचं मत खोडताना जपून बोलत होत्या, आणि ते जपणं ऐकायला फार वेगळं वाटत होतं. या घरात इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. निवडून झाल्यावर त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, कप्प्याची किल्ली त्यातून काढली आणि लेकीपुढे सुपात ठेवली. नणंदेने ती घेतली.

रविवारी सरांच्या गाडीतून मुंबईच्या रेंजवर गेलो. मागच्या सीटवर केळीचा घड होता, आणि तो कुणासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाईंनी पहिल्यांदाच लेकीला नेम धरताना पाहिलं. लग्नाला नेसतात ती हिरवी साडी नेसून त्या प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या आणि समोरच्या पडद्यावर प्रत्येक गोळीचा ठिपका उमटला की माझं मनगट दाबायच्या.

"ही कुठली गो? आपल्या सुपातली?"

"सगळ्या सुपातल्याच, आई."

तो बोदा, ओल्या पोत्यासारखा आवाज एकामागून एक येत राहिला. मला तो आता जगातला सगळ्यात गोड आवाज वाटत होता. दहा, दहा, नऊ, दहा. पडद्यावरचे ठिपके मधोमध एकमेकांवर बसत होते. पहिल्या तीस गोळ्यांनंतर सर खुर्चीच्या काठावर आले. पन्नासनंतर त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. मग अखेरच्या दहांमध्ये एक ठिपका एकदम डावीकडे खाली, आठच्या वर्तुळात पडला.

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. "माजी उन्हातली," त्या पुटपुटल्या. "माजीच ती."

उरलेल्या गोळ्या पुन्हा मधोमध गेल्या. पात्रता एका गुणाने हुकली.

नणंद बाहेर आली तेव्हा जाड जॅकेटखाली तिचे केस घामाने चिकटले होते आणि अंगाला तोच वास होता, जळलेल्या मेणाचा. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, पण पुढे गेल्या नाहीत.

"माज्यामुलं गेलं कं गो?"

"छट्," नणंद म्हणाली. "गोळी चांगली होती. घोड्यावरचं बोट मी ओढलं. पात्रता जवळ आली हे डोक्यात आलं आणि ओढलं बोट. कळलं मला, सुटायच्या आधीच कळलं." तिने आईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि हिरव्या साडीला घाम पुसला. साडीची पर्वा त्या दिवशी कुणी केली नाही. "आये, इतके गुण मला आजवर कधीच पडले नव्हते."

सर केळं सोलत म्हणाले, "मी तर म्हणतो, पुढच्या लॉटलापण थोडं ऊन दाखवून बघू."

सासूबाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्याने ते केळं तसंच त्यांच्या हातात राहिलं.

गाडीकडे निघालो. रायफलीची लांब पेटी नणंदेच्या खांद्याला होती, आणि नेहमी पेटी जरा जड वाटू लागली की ती माझ्याकडे द्यायची, तशी आज तिने दिली नाही. विचारू नये असं वाटत होतं, आणि न विचारता राहवतही नव्हतं. सासूबाई पुढे गेल्यावर मी हळूच म्हटलं, "मग, रायफलीचं काय करायचं ठरवलंस?"

तिने पेटीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला, नीट बसवला.

"ठेवते."