विहीणबाईंची गच्ची

पोलादपूर तालुक्यात आजवर आमच्या विहीणबाईंना कुणीही काहीही विकू शकलेलं नाही. त्या विकत घेतात, आणि त्यात समोरच्याचा जीव जातो. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. साडी घ्यायला गेल्या की रंग जातो का ते बघायला दुकानदाराकडून पदराचं टोक पाण्यात बुडवून घेतात. कलिंगड कानाशी धरून इतका वेळ ऐकतात, की त्या बिचाऱ्या फळाला घरच्या सगळ्या भानगडी सांगाव्या लागत असतील. माझ्या मुलाला बघायला महाडला आल्या तेव्हा शिक्षण, नोकरी काही विचारलं नाही. त्याला अंगणात चालून दाखवायला सांगितलं. "पाय सरळ पडतो," एवढाच शेरा मारला आणि लग्न ठरलं. बकरा असाच बघून घेतात, हे मला पुढे कळलं.

बाईंचा जन्म डोंगरावरच्या वाडीतला. गुरं-बकऱ्यांमागे वाढल्या, आणि लग्नानंतर पोलादपुरात उतरल्या तेव्हा बकऱ्याही बरोबर उतरल्या. नवरा कष्टाळू. दुधाच्या धंद्यावर त्यानं हायवेजवळ दुमजली इमारत उभी केली. खाली हार्डवेअरचं आणि औषधांचं दुकान, वर दातांचा दवाखाना. मग तो समाधानानं गेला आणि इमारत व तिचं गळणं, दोन्ही बाईंच्या गळ्यात पडलं. गच्ची अशी सपाट, की पाण्याला कुठे जावं कळेना, म्हणून ते खाली यायचं. "ह्यांनी आयुष्यात एकच काम सरळ केलं," बाई म्हणायच्या, "आनि तेच जरा तिरपं पायजे होतं."

पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गळती दवाखान्याच्या खुर्चीपर्यंत पोचली. पेशंट आ करून पडलेला, आणि वरून थेंब थेट तोंडात. त्याला तो उपचाराचाच भाग वाटला. त्यानं शहाण्यासारखी चूळ भरून थुंकली. डॉक्टर सज्जन, पण तेही शेवटी म्हणाले, "काकी, पुढच्या पावसाआधी गच्ची झाली नाही तर मला महाडला जागा बघावी लागेल." बाईंचं घर मुख्यतः त्या दवाखान्याच्या भाड्यावर चालत होतं. होळी झाली आणि मला फोन आला.

"व्याही, तुमी शाळेत इज्ञान शिकवलं ना? मग या. डांबर निवडायचं हाय."

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण डांबरावर धडा नव्हता. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आता शिका."

पहिला आला तो पुण्याचा. बुटाला पॉलिश, हातात टॅब. "मॅडम, आम्ही नुसती डांबरी शीट विकत नाही, पूर्ण सिस्टिम देतो," असं म्हणून तो चित्रं दाखवू लागला. "शिस्टिम तुमच्याकडंच ठेवा," बाई म्हणाल्या, "शीट दाखवा." दुसरा मूळचा इथलाच, मुंबईत राहून आलेला. तो जागेवर डांबर उकळून कापडाचे थर चिकटवणार होता. "काकी, टेन्शन नाय लेनेका, आपन हाय ना!" यावर बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यालाच टेन्शन आलं. तिसरा बिरवाडीचा, कारखान्यांच्या छपरांवर कामं केलेला. तो थेट गच्चीवर गेला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "पानी कुठनं जातं?"

तिघांकडून बाईंनी हातभर तुकडे ठेवून घेतले आणि चैत्रातल्या उन्हात गच्चीवर टाकले. मग बकऱ्या वर आणल्या. जिन्यात दाढ धरून बसलेले पेशंट भिंतीला चिकटले. बाई एकेका तुकड्यावरून बकऱ्या फिरवायच्या आणि वाकून खुरांचे ठसे बघायच्या. मुंबईवाल्याच्या तुकड्यात एका बकरीचा पाय रुतला तो डांबर घेऊनच वर आला. पुढे आठवडाभर ती एका पायात बूट घातल्यासारखी हिंडत होती. पुण्याच्या आणि बिरवाडीच्या शीटवर बारीक दगडी कण बसवलेले, त्या उन्हात टिकल्या. "बकरीनं दोन पास केल्या," बाईंनी निकाल दिला. मी प्रयोगाच्या त्रुटींबद्दल बोलू लागलो, तर मला एका बकरीची दोरी धरायला दिली.

हे महिनाभर चाललं. डॉक्टर मला जिन्यात गाठून हळूच विचारायचे, "सर, काकींचं ठरतंय का?" मी आकाशाकडे बघायचो. अखेर एका दुपारी बाईंनी तिघांनाही एकदम बोलावलं, चहा दिला आणि एकच प्रश्न टाकला.

"तुमच्या कामात चूक कुठं होते?"

पुणेवाला हसला. "मॅडम, आमच्याकडे चूक होतच नाही." मुंबईवाला म्हणाला, "लेबर लोक करतात काकी, आपन नाय." बिरवाडीवाल्यानं कप खाली ठेवला. "जोडावर होते. आनि पाइपाच्या तोंडाशी."

"तुमी थांबा," बाई त्याला म्हणाल्या. बाकीचे दोघे उठले.

आधी गच्चीला सिमेंटचा उतार देऊन घेतला. बाईंनी तांब्याभर पाणी ओतलं आणि वऱ्हाड वेशीपर्यंत पोचवावं तशा त्या पाण्याबरोबर पाइपापर्यंत चालत गेल्या. मग गॅसच्या ज्योतीनं शीट वितळवून चिकटवायचं काम सुरू झालं. एवढी आग बघून औषधवाला दुकान सोडून रस्त्यापलीकडे उभा राहिला. बाई मात्र पाण्याची बादली घेऊन ज्योतीच्या मागोमाग, आणि जोड थंड झाला की तो नखानं उचकटून बघणार. बिरवाडीवाला एकदाच म्हणाला, "आजी, नख जाईल." "जाऊ दे. तुमचा जोड ऱ्हावा."

शेवटी पाइप बुजवून गच्चीत पाणी भरलं आणि बाई खाली दवाखान्याच्या खुर्चीत पाठ टेकून, नजर छताला लावून पडल्या. डॉक्टरांनी त्या दिवशी पेशंट घेतले नाहीत. मी स्टुलावर. दुपारी कोपऱ्यात, पाइप खाली उतरतो तिथे, एक टपोरा थेंब जमला, लोंबला आणि पडला. डॉक्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता बिरवाडीच्या माणसाचं काही खरं नाही. तो आला, थेंब बघितला, मान खाली घातली. बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "सांगितली तिथंच चूक केलीत. मानूस खरा हाय. करा परत."

त्यानं पाइपाचं तोंड उकरून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा पाणी तीन दिवस उभं राहिलं, आणि खालचं छत कोरडं. डॉक्टरांनी खुशीत बाईंची एक दुखरी दाढ फुकट काढून दिली; तीही आधी आरशात बघून, पसंत करून.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. बाईंचा गाल सुजलेला. मी चेष्टेनं म्हणालो, "विहीणबाई, एवढी चिकित्सा तुम्ही जावयाचीसुद्धा केली नाहीत."

त्या हसल्या नाहीत. हातानं शीटवरची धूळ झाडत म्हणाल्या, "माझं लगीन ठरलं तवा मला कुनी इचारलं नाय. वाडी सोडली तवा नाय. हितं स्लॅब वतली तवा मी खाली मानसांना चाय करत होते. जावई पोरीनं निवडला, मी नुसता पाय बघितला. साड्या काय, कलिंगडं काय, ती बारकी निवड. एवढी मोठी निवड माझ्या वाट्याला पयल्यांदाच आली, व्याही. ती लवकर कशाला संपवू?"

मीही शीटवरून हात फिरवून बघितला.

आता त्यांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. कधीतरी फोन येतो. "पोलादपुराकडं आलात तर वर जाऊन या." मी सांगतो, की डॉक्टर म्हणतात एक थेंब नाही. "गळती बघायला नाय वो," त्या म्हणतात. "नुसती बघून या."

मी जातो. वर बघण्यासारखं काहीच नसतं. राखाडी शीट, चार बोटं रुंद जोड, उतारानं पाइपाकडे गेलेली जरा जास्त काळी रेघ. तरी मी थोडा वेळ उभा राहतो. खाली आलो की त्या पायरीशी बसलेल्या असतात. माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हणतो, "छान आहे." आणि त्या लग्नातल्या मुलीसारखी मान खाली घालतात.