कागदावरचा डाग

व्हर्ना ट्रेम्बाथ दुकानातून पाव आणला तरी आधी उलटा करून बघायची. कसाई वजनात मारतो, शेजारीण अंड्यांवर डोळा ठेवून असते आणि नव्या डॉक्टरला साधा खोकला कळत नाही, ही तिची पक्की मतं. पण खरा राग तेलवाल्यांवर, आणि त्याला कारण होतं.

इंगलवूड गावाच्या बाहेर, मॅलीच्या, म्हणजे बुटक्या युकॅलिप्टसच्या रानात तिच्या बापाची त्या पाल्याचं तेल काढायची भट्टी होती. दहा वर्षांची असताना ती हौदात उतरून पाला तुडवायची. पुढे तिच्या नवऱ्याने, क्लेमने, तीच भट्टी चाळीस वर्षं चालवली. एकदा मेलबर्नच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या तेलात स्वस्त गोडंतेल मिसळून विकलं आणि बोभाटा झाला तो क्लेमच्या नावाने. क्लेम त्यातून कधी सावरलाच नाही. तेव्हापासून व्हर्नाच्या ओट्यावर कोऱ्या कागदांची चळत असे. कागदावर थेंब टाकायचा आणि खिडकीत ठेवायचा. शुद्ध तेल उडून जातं, कागद कोरा राहतो. डाग राहिला की समजायचं, काहीतरी काळंबेरं आहे.

मुलगा रॉस पश्चिमेकडच्या खाणीवर तीन-तीन आठवडे असायचा. म्हणून या हिवाळ्यात सून टेगन तीन वर्षांच्या एल्सीला घेऊन राहायला आली. सोबत सुगंधी वाफ सोडणारं एक पांढरं यंत्र आणि डझनभर छोट्या बाटल्या. त्यातली एक बेंडिगो शहरातल्या दुकानातून आणलेली, युकॅलिप्टसची.

"युकॅलिप्टस?" व्हर्नाने बाटली उजेडात धरली. "अगं पोरी, या घराच्या भिंती पिळल्या तरी बादलीभर निघेल. आणि तू बेंडिगोहून पैसे मोजून आणलंस?"

"ते लहान मुलांसाठी केलेलं आहे, व्हर्ना. एल्सीच्या पाठीला चोळायला, खोकल्यावर."

"लहान मुलांचं झाड वेगळं असतं होय?"

टेगन हसली. "तुम्ही ना, उद्या माझा चहासुद्धा कागदावर टाकून बघाल."

"बघितला असता. पण तू चहा करतेस कुठे?"

टेगन बाजारात गेल्याबरोबर व्हर्नाने त्या बाटलीतला थेंब कागदावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत बघते तर भला मोठा तेलकट डाग. तिला राग आला, पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला. शेवटी चोर सापडला! बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही. लेबल काय, कुणीही छापतो. तिने ते तेल मोरीत ओतलं आणि बाटली क्लेमच्या शेवटच्या घाण्यातल्या तेलाने गळ्यापर्यंत भरली. सुनेला काही बोलली नाही. एल्सीचा खोकला गेला, की डागाचा कागद तिच्यापुढे ठेवून मग सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तीन दिवसांनी एल्सीचा खोकला पुन्हा उसळला, त्या दुपारी व्हर्ना कोंबड्यांखालची अंडी काढून आली आणि दारातच थबकली. क्लेमच्या तेलाचा तो वास तिने झोपेतही ओळखला असता.

टेगनला स्वतःलाच सर्दी, नाक चोंदलेलं. तिने नेहमीसारखं तळहातभर तेल घेऊन एल्सीच्या पाठीला, छातीला चोळलं होतं आणि पोरीला लोकरी रजईत गुंडाळलं होतं. आता एल्सीचं अंग उकडलेल्या बीटासारखं लाल झालं होतं. बोटं तोंडात. मघापर्यंत रडत होती, ती गप्प झाली होती आणि मान कलंडत होती.

"ते यंत्र बंद कर!" व्हर्ना ओरडली. "त्यानेच केलंय हे!" आणि तिने वायर उपटली. वायर हातात होती तोवर तिचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वासही होता.

टेगनने विषबाधेच्या मदतीचा नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडची बाई शांत होती. "बाटलीवर काय लिहिलंय, वाचून दाखवा."

टेगनने वाचलं, "बदामाचं तेल नव्व्याण्णव भाग. युकॅलिप्टस एक भाग."

"मग तसं घाबरण्यासारखं नाही. सर्दीचा ताप असेल कदाचित. अंग पुसून घ्या आणि तासभर लक्ष ठेवा."

टेगनने सुस्कारा सोडला. व्हर्नाने मात्र बाटली ओढून घेतली आणि ती बारीक अक्षरं स्वतः वाचली. बदामाचं तेल. तो डाग बदामाचा होता. भेसळ नव्हती, पोरीला सोसावं म्हणून कुणीतरी जाणूनबुजून विरळ केलं होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. टेगन तर रजई पुन्हा सारखी करत होती.

"त्यात ते नाहीये," व्हर्ना फोनवर वाकून म्हणाली. "मी ओतून टाकलं. आमच्या भट्टीचं भरलं. शुद्ध. एका थेंबाचीही भेसळ नाही हो त्यात!"

"म्हणूनच तर," पलीकडची बाई म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "पोटात गेलंय?"

"बोटं चोखतेय."

"अँब्युलन्स बोलावते. उलटी करवू नका. कपडे काढा, साबणाने धुवा, खिडक्या उघडा. पोरीला जागी ठेवा."

टेगनने एकेक खिडकी उघडली. व्हर्नाने पोरीला धुतलं, पुन्हा धुतलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिचं नाव घेत राहिली. त्या वीस मिनिटांत तिने एकाही माणसावर संशय घेतला नाही.

एल्सी वाचली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली, ती बिस्किट मागतच. तोवर व्हर्नाने क्लेमचं तेल पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद केलं होतं, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विष'. नवऱ्याच्या तेलाला विष लिहिताना तिला रडू आलं. ओट्यावरची कागदांची चळत तिने चुलीत घातली.

संध्याकाळी तिने एल्सीसाठी मध घालून दूध गरम केलं. टेगनने मधेच हात पुढे करून पेला घेतला. नाकाशी धरला. मग एक घोट स्वतः घेतला आणि व्हर्नाची नजर तिच्यावर आहे हे दिसल्यावर ओशाळली.

"अजून एक घे," व्हर्ना म्हणाली. "सर्दी आहे तुला. एका घोटात कळायचं नाही."

टेगनने दुसरा घोट घेतला आणि मग पेला एल्सीला दिला.