इकाम्यावर एसी टेक्निशियन

शौकतभाई एसी दुरुस्त करत नव्हते.

गेल्या आठवड्यात रियाधच्या अल मलाझमधल्या खोलीत हार्ट अटॅकने गेले. आज कंपनीने पेजवर त्यांचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, 'वर्ल्ड क्लास सायंटिस्ट'.

वा. आज कळलं?

रत्नागिरीचा हा माणूस उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रावरून विमानात मायक्रोवेव्ह सेन्सर घेऊन उडायचा. कॅमेऱ्याला ढग आड येतात, काळोख आड येतो. या सेन्सरला नाही.

"बर्फ स्वतःच बोलतो रे," ते म्हणायचे. "नवा बर्फ खारा. जुन्यातलं मीठ गळून गेलेलं. दोघांचा सिग्नल वेगळा. आपण फक्त ऐकायचं."

तसाच सेन्सर सौदीतल्या तबूकच्या शेतांवरून उडवून मातीतला ओलावा मोजायला कंपनीने त्यांना इथे आणलं.

इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, काढताना कंपनीच्या सरकारी कागदांसाठी धावणाऱ्या मंदूबने विचारलं, "काम?"

"सी आइस," शौकतभाई भाबडेपणाने म्हणाले.

"आइस? तबरीद! यल्ला, खलास."

तबरीद म्हणजे कूलिंग. इकामा आला तो एसी टेक्निशियनचा.

आम्ही पोट धरून हसलो होतो. बिल्डिंगमधले लोक एसी बिघडला की मुद्दाम त्यांना हाक मारायचे. तेही जाऊन फिल्टर धुऊन द्यायचे!

मग कळलं, या प्रोफेशनवर फॅमिली व्हिसा मिळत नाही. भाभी रत्नागिरीत, हे इथे.

प्रोफेशन बदलून द्या म्हणून किती चकरा मारल्या त्यांनी. एचआरवाला, आपलाच इंडियन, गोड हसून म्हणायचा, "डॉक्टरसाब, सौदायझेशन चल रहा है. सायंटिस्ट की पोस्ट पे सौदी दिखाना है. आप टेक्निशियन ही ठीक हो."

सौदींना नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत, देश त्यांचा आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

पण रिपोर्टवर सही करायला डॉक्टर आणि सरकारला दाखवायला एसीवाला? लाज वाटली नाही? एका माणसाचा संसार अडकलाय, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि आता फोटोला हार घालताय.

ते गेल्याचं भाभींना फोन करून मीच सांगितलं.  त्यांनी हळूच विचारलं,

"माती द्यायच्या आधी एकदा चेहरा बघायला येऊ का मी? आता तरी व्हिसा देतील ना?"

आज दुपारी आम्ही चार मित्रांनी त्यांना माती दिली.

शौकतभाई, शांत झोपा.

पण यांना माफ करू नका.