दाजींचं ब्लेड आणि धाकट्याची कालवड

त्या घरात बोलणारे पुष्कळ, पण जनावरातलं कळायचं ते दोघा भावांनाच. त्यातही थोरल्याला जास्त. धाकटा सकाळी गोठा झाडायचा, दिवसभर गोदामात पोती उचलायचा आणि संध्याकाळी पुन्हा गोठ्यात. तोंडातून शब्द फुटायचा नाही, म्हणून लोक त्याला मुका म्हणायचे. म्हणोत बापडे. त्यांना स्वतःची शेळी धड बांधता येत नाही.

धाकट्याचा जीव एका कालवडीवर. बाटलीने दूध पाजून त्यानेच तिला वाढवलेली. ती पहिल्यांदा गाभण राहिली, पोट दिसायला लागलं आणि चारी सडांवर चामखिळी उठल्या. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या, खरबरीत.

वडील म्हणाले, "सड गेले तर हिला ठेवून काय पूजा करायची? विकून टाकू."

धाकट्याने जनावरांच्या डॉक्टरबाईंना आणलं. बाईंनी नीट बघितलं. "गाभणपणात अंगातली ताकद कमी पडते, मग हा विषाणू डोकं वर काढतो. बहुतेक वेळा आपोआप झडतात. उपटू नका, कापू नका. आणि दुसऱ्या गाईंपासून लांब बांधा."

आता एवढं सोपं कुणाला पटतं का? काहीच करायचं नाही म्हटलं की अख्ख्या गल्लीचे हात शिवशिवतात. एकजण म्हणाला चुना लावा, दुसरा म्हणाला रॉकेल. शेजारच्या काकू तर चामखिळी आवळायला दोरा घेऊनच आल्या. धाकटा दारात आडवा उभा राहायचा आणि मान हलवायचा. काकू पुटपुटत गेल्या, "मुक्याला अक्कल सांगायची म्हणजे भिंतीशी बोलणं."

पण दाजींना कोण अडवणार? मोठ्या बहिणीचा नवरा, घरचा जावई. पेशा पंक्चर काढायचा. ट्यूबला ठिगळ लावता येतं म्हणून सडालाही लावता येईल, असा त्यांचा हिशोब. दाजी खिशात ब्लेड घेऊन आले त्या दिवशी थोरला परगावी होता, नाहीतर गोठ्यात ब्लेड काढायची कुणाची छाती नव्हती.

"अरे, जरा चहा तरी सांग आत," दाजी म्हणाले. जावयाला नाही कसं म्हणायचं? धाकटा आत गेला. कालवड हंबरली तेव्हा तो कपबशी टाकून धावला. एका सडाच्या टोकावरून रक्त गळत होतं आणि दाजी बोट पुसत होते.

"एक काढली बघ! बाकीच्या उद्या."

धाकट्याने ब्लेड हातातून काढून घेतलं. "दाजी, निघा."

"अरे, चहा?"

"निघा म्हणालो ना."

बहीण रुसली, वडील ओरडले, धाकट्याने गोठ्याला कुलूप घातलं.

कालवड व्यायली. तोवर तीन सडांवरच्या चामखिळी वाळून गळून पडल्या होत्या. कुणी हात न लावता. चौथा, दाजींनी कापलेला, सुजला, पिकला आणि कायमचा बंद पडला. तीन सडांचं दूध वासराला पुरून उरत होतं. विकायचं नाव वडिलांनी पुन्हा काढलं नाही.

दाजी मात्र गल्लीभर सांगत सुटले, "एकीला कापलं, तशा बाकीच्या घाबरून पळाल्या. सगळ्या कापू दिल्या असत्या तर चारी सड चालले असते!" आणि लोकांनी माना डोलावल्या. डोलावणारच. रॉकेल लावा म्हणणारा तर आपली चामखिळी उठलेली गाय घेऊन दाजींच्या दुकानाकडे निघाला.

धाकट्याने त्याला आपल्या दारात गाठलं आणि गोठ्यात नेलं. "आधी हा चौथा सड पिळून बघ."

त्याने पिळला. एक थेंब नाही. पुन्हा पिळला. मग हात झटकून म्हणाला, "तूच मध्ये पडलास, म्हणून असं झालं," आणि गाय हाकत निघून गेला.

वासरू ढुशी मारत त्याच सडाला लागलं होतं. धाकट्याने त्याचं तोंड धरलं आणि शेजारच्या सडाला लावलं.