मंडप दिसेपर्यंत

कबिनी धरणाचे दरवाजे उघडले की नंजनगूडच्या घाटावरचा दगडी मंडप नदीत बुडतो. तिथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी म्हैसूरहून रोज रेल्वेने जाते. त्या पावसाळ्यात समोरच्या बाकावर एक वृद्ध मराठी शिंपी बसू लागले. घाटालगतच्या दुकानात पाणी शिरल्याने ते म्हैसूरला लेकीकडे राहत आणि रोज सकाळी पाहणी करून परतत. मांडीवर एका नवरीचे अर्धवट शिवलेले पोलके असे. लांबचे त्यांना धूसर दिसे.

पूल आला की ते विचारत, "मंटप दिसतंय काय, नोडम्मा, बघ की गं?"

"नाही, आजोबा."

एकदा मी विचारले, "दुकान उंचावर का नेत नाही?"

ते हसले. "आमचे आजे-पणजे तिथंच शिवत होते. नदी येऊन बघून जाते, अजून कोण कोण आहे ते. आम्ही नको काय असायला?"

वारसा म्हणजे जपलेले दगड, अशी माझी तोवरची व्याख्या होती. त्या दिवसापासून पूल जवळ आला की मी आधीच खिडकीशी सरकू लागले.

मग एका सकाळी तपकिरी पाण्यातून मंडपाचे ओले छत वर आलेले दिसले. त्यांनी विचारण्याआधीच मी उठले.

"दिसलं, आजोबा, छत दिसलं!"

अख्खा डबा खिडक्यांकडे धावला. ते मात्र जागेवरच पोलक्याची घडी घालत होते.

"चला, छत दिसलं म्हणजे दुकानातलं पाणी उतरलं. माळ्यावरचं मशीन खाली घेतो. हे पोलकं घालायचं त्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

स्टेशन यायला अवकाश होता, तरी दुकानाची किल्ली त्यांच्या हातात आली होती.